भीमेच्या उताराने

सह्याद्रीच्या माथ्यापासून पंढरपूरपर्यंतचा नकाशा समोर पसरावा, त्यावरचे सगळे रस्ते पुसून टाकावेत आणि नुसत्या नद्या ठेवाव्यात, तरी वारी दिसते. भीमा भीमाशंकरला उगम पावते. देहू आणि आळंदी ज्या इंद्रायणीच्या काठी आहेत, ती तुळापूरला भीमेत मिळते. पुण्याची मुळा-मुठा थोडी पुढे, रांजणगाव सांडसपाशी तिच्यात येते. सासवडची कऱ्हा बारामतीच्या खाली नीरेला मिळते आणि नीरा-नरसिंहपूरला नीरा भीमेत जाते. तिथून भीमा पंढरपूरला पोचते, चंद्रकोरीसारखं वळण घेते आणि चंद्रभागा होते. आळंदीच्या घाटावरून ज्येष्ठात जे पाणी खाली जातं, ते वाटेत कुणी अडवलं नाही तर पंढरपूरच्या वाळवंटात येतंच. माउलींच्या पादुका जिथून निघतात ते गाव आणि जिथे पोचतात ते गाव, दोन्ही एकाच पाण्यावर वसली आहेत.

वारीवर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे. संतांची चरित्रं, अभंगांचे अर्थ, विठ्ठलाच्या मूळ रूपाचा शोध, चालणाऱ्यांची वर्णनं, छायाचित्रांचे ग्रंथ, सगळं आहे. रा. चिं. ढेरे यांच्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या १९८४ च्या ग्रंथानंतर देवाच्या इतिहासाबद्दल तर नव्याने सांगण्यासारखं फारच थोडं उरलं. तरी एक बाजू मला सतत मोकळी वाटत आली, ती नदीची. वारीचं मुक्कामाचं ठिकाण देऊळ आहे असं आपण म्हणतो. वारकऱ्याला विचारलं तर तो आधी चंद्रभागेचं स्नान सांगतो, मग पुंडलिकाचं दर्शन, मग नगरप्रदक्षिणा, आणि गर्दीमुळे गाभाऱ्यात जाता आलं नाही तर कळसाचं दर्शन. देवळाच्या आत न जाता वारी पूर्ण होते. चंद्रभागेत पाय न बुडवता ती पूर्ण झाली असं कुणी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. या पुस्तकात वारीकडे नदीच्या बाजूने पाहायचा प्रयत्न आहे. ही वाट भीमेच्या खोऱ्याची वाट आहे आणि हा पंथ नदीच्या वाळूवर वाढलेला पंथ आहे, हे पटलं की वारीतल्या अनेक गोष्टींची संगती लागते.

आधी वाट पाहू. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबांची पालखी प्रस्थान ठेवते, दुसऱ्या दिवशी, अष्टमीला, आळंदीहून ज्ञानोबांची. आषाढ शुद्ध दशमीला दोन्ही पंढरपुरात शिरतात. दोन्ही पुण्यात येतात, इथे दोन दिवस राहतात आणि मग वेगळ्या होतात. माउलींची वाट दिवे घाटाने चढते. हा घाट म्हणजे मुळा-मुठा आणि कऱ्हा या दोन खोऱ्यांमधला बांध. चढावर रथाला बैलांच्या जादा जोड्या लावाव्या लागतात आणि घाटमाथ्यावर आलं की मागे पुणं आणि पुढे कऱ्हेचं कोरडं पठार असं दोन्ही एका नजरेत येतं. सासवडला सोपानदेवांची समाधी, पुढे जेजुरी, वाल्हे, आणि मग नीरा. पुणे जिल्हा संपून सातारा सुरू होतो तिथे माउलींच्या पादुकांना नीरेत स्नान घालतात. तुकोबांची पालखी लोणी काळभोर, यवत, वरवंड, बारामती, इंदापूर अशी सपाटीने जाते आणि सराटीला येते. तिथे तुकोबांच्या पादुकांनाही स्नान घालतात, तेही नीरेतच. दोन संत दोन वाटांनी निघाले, दोन वेगळ्या जागी नदी ओलांडली, पण पाणी तेच. आणि हे पाणी नरसिंहपूरला भीमेत मिळून त्यांच्या आधी किंवा मागून पंढरपूरला जाणार. नीरास्नानाच्या वेळी घाटावर जी दाटी होते तिच्यात कुणी हा भूगोल बोलून दाखवत नाही. बोलण्याची गरजही नसते, इतका तो अंगवळणी पडलेला आहे.

पावसाचंही असंच. भीमाशंकरच्या रानात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पंढरपूरच्या बाजूला पाच-सहाशेच्या आसपास. वारकरी मृगाच्या नाहीतर आर्द्राच्या पावसात निघतो आणि दर मुक्कामाला पाऊस थोडा थोडा मागे टाकत पर्जन्यछायेच्या मुलखात उतरतो. पश्चिमेकडचा शेतकरी पेरणी आटोपून निघतो. निदान त्याला तसं निघायचं असतं. पाऊस लांबला की अर्धा जीव शेतात ठेवून माणसं चालतात, आणि दिंडीत संध्याकाळी सगळ्यात आधी चौकशी होते ती गावाकडे पडला का याची. सोलापूरकडचा जुना शेतकरी मात्र खरिपात मोकळाच असे. काळ्या रानात त्याची मुख्य पेरणी रब्बी ज्वारीची, ती भाद्रपद-आश्विनात. आषाढी त्याच्या सवडीची आणि कार्तिकी पेरणीनंतरची. चैत्री आणि माघी धरून वर्षाच्या चार वाऱ्या होतात, पण त्यांतल्या या दोन मोठ्या का झाल्या याचं एक उत्तर मला या पीकपाण्यात दिसतं. नीरेचं पाणी कालव्यांनी फलटण-माळशिरसकडे वळलं, ऊस आला, साखर कारखाने उभे राहिले आणि ही वाट बरीच हिरवी झाली. तरी कालव्याचं पाणी न पोचलेल्या टप्प्यांवर आजही आषाढातल्या दुपारी सावली शोधावी लागते.

त्या सावलीची आठवण वाटेवरच्या नावांत आहे. माउलींच्या सोहळ्यातलं पहिलं उभं रिंगण लोणंद आणि तरडगावच्या मधे चांदोबाच्या लिंबापाशी होतं. पुढे ठाकूरबुवांच्या समाधीपाशी रिंगण, वाखरीजवळ बाजीरावाच्या विहिरीपाशी रिंगण. एक झाड, एक समाधी, एक विहीर. माणसं थांबायची ती सावलीला, पाण्याला, आणि आधी चालून गेलेल्याच्या आठवणीला. रिंगणाचा धावता अश्व आज सगळ्या महाराष्ट्राने पडद्यावर पाहिला आहे. एक अश्व स्वाराचा, दुसऱ्यावर कुणी बसत नाही, तो माउलींचा. धावून गेल्यावर त्याच्या टापांखालची माती माणसं कपाळी लावतात. पण रिंगण हा मुळात दमलेल्या पायांना थांबवून खेळायला लावण्याचा प्रकार आहे हे शेतात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. अश्व धावून गेल्यावर हुतूतू, फुगड्या, मनोरे सुरू होतात. सत्तरीच्या बायका नातीच्या वयाच्या मुलींशी फुगडी घालतात. मग सगळे पुन्हा चालू लागतात.

आता नदीकाठचं देऊळ. पंढरपूरच्या देवळात १२३७ चा एक लेख आहे, होयसळ राजा सोमेश्वराच्या काळचा. त्यात भीमरथीच्या, म्हणजे भीमेच्या, काठचं हे गाव येतं, पुंडरीकाचं नाव येतं, विठ्ठलाला दिलेलं दान येतं. ज्ञानदेवांचा जन्म त्यानंतर जवळजवळ चार दशकांनी झाला. १२७३ ते १२७७ या काळातला ‘चौऱ्यांशीचा लेख’ देणगीदारांची नोंद करतो आणि त्यात यादव राजा रामदेवराव आणि हेमाद्री पंडित आहेत. वारकरी संप्रदायाला ज्ञानदेवांनी आणि नामदेवांनी रूप दिलं त्याआधीच देव होता, नदी होती, आणि कानडी-मराठी दोन्ही मुलखांतून येणारी माणसं होती.

पुंडलिकाचं देऊळ गावात नाही, नदीच्या पात्रात आहे. पावसाळ्यात पाणी चढलं की ते बुडतं, ओसरलं की पुन्हा दर्शन सुरू होतं. ज्याच्यासाठी देव विटेवर उभा राहिला त्या भक्ताचं स्थान लोकांनी पुराच्या पाण्यात ठेवलं आणि देवाचं वर, गावात. ही रचना मला फार बोलकी वाटते. देवाच्या देवळाला दरवाजे होते आणि दरवाज्यावर माणसं होती. वाळवंटाला दरवाजा नव्हता. नामदेवांनी कीर्तन उभं केलं ते या वाळूत. चोखोबांना महाद्वाराच्या आत जाता आलं नाही. त्यांची समाधी आजही दाराबाहेर आहे, नामदेवांच्या पायरीसमोर. ज्यांना गाभारा बंद होता त्यांना पात्र खुलं होतं आणि संप्रदाय त्या खुल्या जागेत मोठा झाला. आषाढीच्या दिवसांत वाळवंटात फडाफडांची कीर्तनं एकाच वेळी चालतात, एकाचा मृदंग दुसऱ्याच्या कानावर येतो, वाटसरू मन लागेल तिथे बसतो. कुणी तिकीट विचारत नाही, जात विचारत नाही.

देवळाचं दार उघडायला मात्र विसावं शतक अर्धं सरावं लागलं. १९४७ च्या १ मेपासून साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले तेव्हा कुठे अस्पृश्य मानलेल्यांना आत जाण्याची वाट मोकळी झाली. पुढे १९७३ चा पंढरपूर मंदिरांचा कायदा आला आणि बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांच्या वंशपरंपरागत हक्कांचा वाद न्यायालयात चालू राहिला. तो २०१४ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने मिटवला. चाळीस वर्षं हा काही लहान काळ नाही. त्या काळात वारी कुठेही थांबली नाही, कारण वारीची सूत्रं देवळात कधी नव्हतीच.

ती कुठे होती हे सांगण्यासाठी दिंडीविषयी सविस्तर लिहिलं पाहिजे. वारी पाहायला गेलेला माणूस पालखी पाहतो. वारीला गेलेला माणूस दिंडीत असतो. पुढे पताकाधारी, त्यांच्यामागे टाळकऱ्यांच्या दोन ओळी, मधे मृदंगी, विणेकरी, आणि मागे तुळशीवृंदावन आणि पाण्याचा हंडा डोक्यावर घेतलेल्या बायका. विणेकरी हा दिंडीचा कणा. अभंग तो धरतो, चाल तो ठरवतो, आणि वीणा खाली ठेवायची नसते. एक दमला की दुसऱ्याच्या गळ्यात जाते. सकाळचा काकडा, भूपाळ्या, वासुदेव-आंधळे-पांगळे, मग वाटचालीचे अभंग, वारांचे अभंग, गौळणी, संध्याकाळी हरिपाठ असा दिवसभराचा क्रम बांधलेला आहे आणि तो बहुतेकांना तोंडपाठ असतो. शाळेची पायरी न चढलेल्या माणसाला शेकडो अभंग क्रमाने येतात ते या रोजच्या चालण्यातून. तुकोबांची गाथा महाराष्ट्राने छापखान्याच्या आधी कशी सांभाळली, या प्रश्नाचं उत्तर वह्यांइतकंच या दोन ओळींत आहे.

दिंडीला पोटही असतं. वारकऱ्याने वर्षाची ठरलेली भिशी भरायची, धान्य आणि सामान ट्रकमधून पुढे जायचं, स्वयंपाकी मंडळींनी पहाटे निघून तळ गाठायचा, तंबू ठोकायचे, पाण्याचा टँकर मिळवायचा. भात, आमटी, पिठलं, भाकरी, एकादशीला भगर किंवा साबुदाणा. हिशेब वहीत लिहिलेला, आणि मागितला तर दाखवायचा. बायकांचा दिवस यातही आधी सुरू होतो. आडोसा नसतो म्हणून त्या रात्री दोन-तीनला उठून टँकरच्या नळाखाली अंघोळ उरकतात, ओल्या केसांनी तंबूत परततात आणि काकड्याला हजर असतात. अलीकडे फिरती शौचालयं आली, न्हाणीघरं आली, तेव्हा हा त्रास थोडा कमी झाला. वारीच्या गोड वर्णनांत हे सहसा येत नाही. यायला हवं, कारण आज चालणाऱ्यांत बायकांची संख्या फार मोठी आहे.

दिंडीची ही शिस्त एकाएकी आली नाही. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये देहूहून तुकोबांच्या आणि आळंदीहून ज्ञानोबांच्या पादुका एका पालखीत घेऊन पंढरीची वाट धरली. ‘ज्ञानोबा-तुकाराम’ हा गजर त्या जोड पालखीचा. पुढे एकोणिसाव्या शतकात, १८३२ च्या सुमारास, हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानोबांचा सोहळा स्वतंत्र केला. हैबतबाबा सातारा भागातले आरफळचे, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार राहिलेले. लष्कराच्या छावणीची घडी त्यांना ठाऊक होती आणि ती त्यांनी भक्तीच्या कामी लावली. तळ कुठे, कूच केव्हा, कोण कुणाच्या पुढे, कर्णा कधी वाजायचा, हे सगळं त्यांनी बसवलं. बेळगावकडच्या अंकलीच्या शितोळे सरकारांनी अश्व आणि तंबू दिला. अश्व आजही अंकलीहून येतात. वासकरांसारखे फडकरी त्यांच्या सोबत होते. रथापुढे २७ दिंड्या, मागे बाकीच्या, असा क्रम ठरला. मागच्या दिंड्या पुढे पुष्कळ वाढल्या, पण क्रमांकाची मर्यादा कुणी मोडत नाही.

या व्यवस्थेतली सर्वांत देखणी गोष्ट म्हणजे तळावरची समाज आरती. पालखी मुक्कामाला पोचली की दिंड्या तिच्याभोवती उभ्या राहतात आणि टाळमृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार आपला चोप वर करतो आणि हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीचं काही गाऱ्हाणं असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. तिला बोलायचं आहे हे त्या आवाजावरून सगळ्या समाजाला कळतं. चोपदार तिच्याकडे जातो, विचारतो, सर्वांदेखत ऐकून घेतो आणि जागेवर निवाडा होतो. वाटेत कुणाची दिंडी घुसली, कुणाला पाणी मिळालं नाही, कुणाला गावकऱ्यांनी जागा दिली नाही, असली गाऱ्हाणी. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची पुकार होते, उद्याच्या निघण्याची वेळ सांगितली जाते, आणि त्यानंतर आरती. आधी गाऱ्हाणं, मग देव. महाराष्ट्रात अनेक लोकशाही संस्था उभ्या राहिल्या, पण सर्वांत लहान घटकाला सर्वांसमोर बोलण्याचा हक्क इतक्या सहजपणे देणारी दुसरी मला माहीत नाही.

याच व्यवस्थेचं उणंही सांगितलं पाहिजे. इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ हा लेख लिहिला तेव्हा एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा मंडळींच्या पंगती वेगळ्या बसताना पाहून त्या अस्वस्थ झाल्या होत्या. दिवसभर एक अभंग गायचा आणि संध्याकाळी चुली वेगळ्या मांडायच्या, हे त्यांना सोसवलं नाही. जिथले लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, हा त्यांचा विचार आपण भाषणांतून पुन्हा पुन्हा सांगतो आणि त्याच लेखातली ही वेदना गाळतो. दोन्ही एकत्र वाचली पाहिजेत. पंगती आता बऱ्याच एक झाल्या आहेत, पण कोणत्या दिंडीत कोण चालतं हे अजून गावावरून, भावकीवरून, जातीवरून ठरतं. चोखोबांची समाधी दाराबाहेर आहे तोवर हा प्रश्न कुणी दुसऱ्याने विचारण्याची वाट वारीने पाहू नये. दि. बा. मोकाशींचं ‘पालखी’ हे १९६४ चं पुस्तकही या पुस्तकाच्या मागे उभं आहे. श्रद्धाळू नसलेला, पण श्रद्धेचा मान राखणारा माणूस चालताना काय पाहतो ते त्यांनी लिहून ठेवलं. पुढच्या प्रकरणांत जुनी वाट कशी होती याचे संदर्भ येतील तिथे या दोघांचं ऋण आहे.

आता त्या पाण्याकडे परत यायला हवं, कारण या पुस्तकाची निकड तिथे आहे.

आळंदीला प्रस्थानाच्या दिवसांत इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगताना महाराष्ट्राने अनेकदा पाहिला आहे. वरच्या अंगाला वाढलेल्या शहरांचं आणि कारखान्यांचं सांडपाणी नदीत येतं आणि वारकरी त्यातच बुडी मारून निघतो, कारण त्याच्या लेखी ती इंद्रायणीच आहे. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून जातं. हे सगळं भीमेत उतरतं आणि उजनीच्या धरणात साठतं. १९८० मध्ये पुरं झालेलं हे धरण एकूण सुमारे ११७ टीएमसीचं आहे, राज्यातल्या सर्वांत मोठ्या जलाशयांपैकी. सोलापूर जिल्ह्याला त्याने ऊस दिला, प्यायला पाणी दिलं, आणि ज्यांची गावं बुडाली त्यांना उठवलं. तेव्हापासून चंद्रभागा आपल्या मनाने वाहत नाही. पाऊस ओढला तर आषाढीच्या स्नानासाठी उजनीतून पाणी सोडावं लागतं. पाऊस जोराचा झाला तर उजनीतून आणि नीरेवरच्या वीर धरणातून सुटलेलं पाणी घाटावर चढतं आणि जुना दगडी पूल बुडतो. दोन्ही वेळा लाखो माणसांच्या पायांखालचं पाणी कुणीतरी दरवाजे उचलून ठरवलेलं असतं. मी धरणाविरुद्ध लिहीत नाही. पण पंढरीच्या पात्रात आषाढात किती आणि कसं पाणी असावं, हा प्रश्न दरवर्षी शेवटच्या आठवड्यात का सुटावा आणि वर्षभराचा का असू नये, हे मला विचारायचं आहे.

मेळ्याच्या आरोग्याची काळजी जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात यात्रांमधून पटकी पसरायची, आणि इंग्रज सरकारच्या आरोग्याच्या कागदांत पंढरपूर हा शब्द येत राहायचा. आपल्या काळात वाळवंटातली घाण आणि ती माणसांकडून उचलून घेण्याची अमानुष रीत न्यायालयासमोर गेली. वाळवंटात राहुट्या टाकण्यावर मर्यादा आल्या, आणि नदीपल्याड ‘६५ एकर’ या नावाने ओळखला जाणारा तळ दिंड्यांसाठी तयार झाला. फडकऱ्यांना याचं दुःख झालं आणि ते मला समजतं. वाळवंट ही त्यांची शेकडो वर्षांची बैठक. पण वाळू स्वच्छ ठेवण्यासाठी दुसऱ्या माणसाला मैला उचलायला लावणारी भक्ती नामदेवांना चालली नसती, याबद्दल मला शंका नाही.

रस्त्याचंही तसंच. नोव्हेंबर २०२१ मध्ये दोन्ही पालखी मार्गांच्या चौपदरी कामाची पायाभरणी झाली. चालणाऱ्यांसाठी कडेने वेगळी वाट, हे त्या कामाचं वैशिष्ट्य सांगितलं गेलं आणि ते खरंच मोलाचं आहे. भरधाव गाड्यांच्या शेजारून चालताना वारकऱ्यांना झालेले अपघात ज्यांनी पाहिले ते त्याला नावं ठेवणार नाहीत. पण रुंदीकरणात वाटेवरची जुनी वडा-लिंबाची झाडं गेली. नवी झाडं लावली तरी त्यांची सावली पडायला एक पिढी जाईल. दुपारच्या विसाव्याची जागा ज्यांनी लिंबाच्या नावाने ओळखली त्यांना हे नुकसान आकड्यांत सांगावं लागत नाही.

२०२० आणि २०२१ मध्ये महासाथीमुळे पायी वारी झाली नाही. पादुका एसटीच्या बसमधून गेल्या, मोजक्या मानकऱ्यांसह, काही तासांत. व्रत मोडलं नाही, पादुका पोचल्या. पण त्या दोन वर्षांनी एक गोष्ट उघड केली. घरी राहिलेले वारकरी विठ्ठलाच्या दर्शनासाठी जितके हळहळले त्याहून अधिक चालण्यासाठी हळहळले. दर्शन पडद्यावर होत होतं. नीरेचं पाणी, तळावरची आरती, शेजारच्याच्या टाळाचा ठोका पडद्यावर मिळत नव्हता.

पुस्तकाची रचना नद्यांच्या क्रमाने आहे: इंद्रायणी, मुळा-मुठा, कऱ्हा, नीरा, भीमा. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची, पैठणहून एकनाथांची, मुक्ताईनगरहून मुक्ताबाईंची आणि शेगावहून गजानन महाराजांची अशा पालख्या दुसऱ्या खोऱ्यांतून येतात. गोदावरी आणि तापीकडून डोंगर ओलांडून भीमेत उतरणाऱ्या या वाटांना स्वतंत्र प्रकरण दिलं आहे. त्यांचं अंतर मोठं आणि त्यांच्यावर लिहिलं गेलंय कमी, म्हणून ते प्रकरण इतरांपेक्षा लांबलं आहे आणि मी ते आखडलं नाही. मुक्कामांची गावं, रिंगणाच्या जागा आणि वेळा तिथींच्या वृद्धिक्षयाप्रमाणे बदलतात, तेव्हा प्रत्यक्ष निघणाऱ्याने त्या वर्षीची संस्थानची पत्रिकाच प्रमाण मानावी.

शेवटचं प्रकरण परतवारीचं आहे. एकादशी झाली की बातम्या संपतात, एसटीचे जादा फलाट रिकामे होतात आणि बहुतेक माणसं गाडीने घरी जातात. सोहळा मात्र संपलेला नसतो. आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो, लाह्या-दह्याचा प्रसाद वाटला जातो, पादुकांची विठ्ठलाशी भेट होते आणि पालखी आल्या वाटेने माघारी निघते. या वेळी टप्पे लांब असतात, दिंड्या थोड्या, वाटेवर कमानी नाहीत, आणि गावोगावच्या अन्नछत्रांच्या जागी एखाद्याच घरची ओळखीची पंगत असते. पालखीबरोबरची माणसं आता पाण्याच्या उलट दिशेने, चढावर चालत असतात आणि पुढून त्यांच्या अंगावर घाटाकडचा पाऊस येत असतो. हैबतबाबांनी बसवलेला क्रम, चोपदाराचा चोप, तळावरची आरती यांत काहीही कमी केलेलं नसतं. परतीच्या वाटेवर चालणाऱ्या वारकऱ्यांनी मला जे सांगितलं ते इतर कुठल्याही प्रकरणात बसत नव्हतं, म्हणून ते त्या प्रकरणात त्यांच्याच शब्दांत, नावांशिवाय, जसंच्या तसं दिलं आहे.